फ्री थ्रोला शिट्टी कधी मारायची आणि कधी गिळायची: नव्या रेफ्रींसाठी

परवा एका नव्या पोराचा फोन आला, शालेय बास्केटबॉल स्पर्धेत पहिल्यांदाच शिट्टी घेऊन उभा राहणार आहे, म्हणतोय सर बाकी सगळं जमतंय, ट्रॅव्हल कळतं, डबल ड्रिबल कळतं, पण फ्री थ्रो (फाउल झाल्यावर लाईनवरून मारायचा मोकळा शॉट) आला की पोटात गोळा येतोय. बरोबर आहे त्याचं. बाकी वेळेला खेळ पळत असतो, एखादी गोष्ट सुटली तरी पुढच्या दोन बास्केटमध्ये लोक विसरून जातात, पण फ्री थ्रोला सगळं थांबलेलं असतंय आणि दोन्ही बेंच, पालक, झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले रिटायर्ड पीटीचे सर, सगळे फक्त शूटरकडं आणि तुमच्याकडं बघत असतात. त्याला फोनवर जे अर्धा तास सांगितलं तेच इथं लिहितोय, म्हणजे पुढच्याला परत सांगायला नको.

एक आधीच सांगतो, आपल्याकडं फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे, नियम चालतात. टीव्हीवर एनबीए, म्हणजे अमेरिकेतली लीग, बघून डोक्यात जे बसलंय ते ग्राउंडच्या गेटबाहेर चपलांबरोबर ठेवून या. तिकडं शूटरला १० सेकंद मिळतात, आपल्याकडं ५. एवढ्या एका फरकावरून मी मिरजेत एका कोचनं रेफ्रीशी पाच मिनिटं हुज्जत घातलेली बघितलीय, तो म्हणतोय पोराला घाई करताय, आणि रेफ्री बिचारा बरोबर असून घाबरलेला.

ग्राउंडवर गेल्या गेल्या: टेप

तालुका, जिल्हा लेव्हलला बऱ्याचदा सिमेंटचं नाहीतर मातीचं ग्राउंड असतं, पावसाळ्यात रंग उडालेला असतो आणि मॅचच्या सकाळी कुणीतरी चुन्यानं लाईनी मारलेल्या असतात. त्या मारणाऱ्याला नियम माहीत असतोच असं नाही. आकडे लक्षात ठेवा: एंडलाईनच्या आतल्या कडेपासून फ्री थ्रो लाईनच्या लांबच्या कडेपर्यंत ५.८० मीटर. बोर्ड एंडलाईनपासून १.२० मीटर आत लटकलेला असतो, म्हणजे बोर्डाच्या तोंडापासून मोजलं तर ४.६० मीटर. रिंग ३.०५ मीटरवर.

आता होतं काय, कुणीतरी कुठंतरी ४.६० वाचलेलं असतं आणि तो गडी टेप धरतो एंडलाईनला. झालं, लाईन एकदम सव्वा मीटर पुढं. माझ्या एका मॅचला असंच झालं होतं, वॉर्मअपला चौदा वर्षांखालच्या पोरी धडाधड शॉट घालत होत्या, मी मनात म्हणतोय काय तयारी आहे राव, आणि दुसऱ्या बाजूला गेल्यावर त्याच पोरींचा बॉल रिंगपर्यंत पोचेना. तेव्हा टेप काढला. एका बाजूची लाईन बरोबर, दुसऱ्या बाजूची पुढं. मॅच सुरू व्हायच्या आधी सापडलं म्हणून वाचलो, दुसऱ्या क्वार्टरला सापडलं असतं तर काय निस्तरलं असतं देव जाणे. त्यामुळं टेप नसला तर आपली पावलं मोजून ठेवा, पण दोन्ही बाजू सारख्या आहेत का एवढं तरी बघाच. रिबाउंडला, म्हणजे हुकलेला बॉल घ्यायला, उभं राहायच्या खुणा पण बघा, त्या बऱ्याच ठिकाणी मारलेल्याच नसतात. पहिली जागा एंडलाईनपासून १.७५ मीटरवर सुरू होते, ८५ सेंटिमीटरची, मग ४० सेंटिमीटरचा न्यूट्रल झोन (मोकळी पट्टी), मग परत ८५-८५ च्या दोन जागा. चुना असेल तर स्वतः मारून घ्या, लाज कसली.

किती शॉट द्यायचे

इथं गोंधळ कमी असतो पण जो होतो तो नेहमी एकाच ठिकाणी होतो. शॉट मारताना फाउल झाला आणि बॉल आत गेला, तर बास्केट धरायची आणि १ फ्री थ्रो. आत नाही गेला तर दोनच्या एरियातून २, थ्री पॉइंटच्या बाहेरून ३. हे सगळ्यांना पाठ असतं.

शॉट मारत नसलेल्यावर फाउल झाला तर टीम फाउल, म्हणजे त्या टीमचे सगळ्यांचे मिळून फाउल, मोजायचे. एका क्वार्टरला चार टीम फाउलपर्यंत थ्रो-इन (लाईनबाहेरून बॉल आत देणं), पाचव्यापासून पुढं २ फ्री थ्रो. आता इथं खड्डा आहे. पाचवा फाउल ज्या टीमनं केला त्याच टीमकडं बॉल होता, समजा बॉल घेऊन घुसताना अटॅकरनं डिफेंडरला छातीत उडवलं, तर फ्री थ्रो नाही. बॉल ताब्यात असलेल्या टीमच्या फाउलला फ्री थ्रो नसतोच, टीम फाउल पाच असू देत नाहीतर पंधरा. नवीन रेफ्री स्कोअररच्या टेबलवरचा, टीम फाउल भरल्याचा लाल मार्कर बघतो, टेबलवरची पोरं ओरडतात सर बोनस, सर बोनस, म्हणजे फ्री थ्रो द्या, आणि हा दोन बोटं वर करून मोकळा. पहिल्यांदा स्वतःला विचारा बॉल कुणाकडं होता, मग मार्करकडं बघा.

आणि मॅच टाय होऊन ओव्हरटाइम लागला की टीम फाउल शून्यावर जात नाहीत, चौथ्या क्वार्टरचेच पुढं चालू राहतात. टेबलवाल्या पोरांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ती पाटी कोरी करून बसतात.

टेक्निकल फाउलला, म्हणजे धक्क्याच्या नाही तर वागणुकीच्या फाउलला, १ फ्री थ्रो, तो लगेच मारायचा, कोच सांगेल तो कुठलाही खेळाडू मारू शकतो, रिबाउंडला कुणीही उभं राहायचं नाही, आणि मग खेळ जिथं थांबला होता तिथून, ज्याच्याकडं बॉल होता किंवा ज्याला मिळणार होता त्याच्याकडून पुढं सुरू. अनस्पोर्ट्समनलाईक (खिलाडूवृत्तीला सोडून केलेला) आणि डिसक्वालिफाइंग (मॅचबाहेर काढायच्या) फाउलला फ्री थ्रो झाल्यावर परत त्याच टीमला बॉल, समोरच्या कोर्टातल्या थ्रो-इन लाईनवरून.

आपल्याकडं सगळ्यात जास्त होणारा किस्सा म्हणजे शूटिंग फाउल दिला, २ शॉट, आणि तेवढ्यात डिफेन्सचा कोच तापला, चार शब्द जास्त बोलला, टेक्निकल बसला. आता आधी काय? आधी टेक्निकलचा १ शॉट, सगळे मागं. तो झाल्यावर मूळचे २ शॉट, रिबाउंडला माणसं उभी करून. उलटं केलंत तर रिबाउंडच्या वेळेला कुणाला काय कळायचं नाही आणि मग आणखी एक टेक्निकल द्यायची वेळ येते.

कोण मारणार: नंबर तोंडानं म्हणा

ही माझी स्वतःची चूक आहे त्यामुळं जरा सविस्तर सांगतो. तीनेक वर्षं शिट्टी मारून झाली होती, जरा हुशारी आली होती. रिंगखाली गर्दीत फाउल झाला, मी फाउल करणाऱ्याचा नंबर बरोबर टिपला, टेबलला रिपोर्ट केला, परत फिरलो तर लाईनवर एक उंच पोरगा बॉलसाठी हात पुढं करून उभा. मी बॉल दिला. पहिला आत, दुसरा आत. मग समोरचा कोच शांतपणे उठला आणि म्हणाला, "सर, फाउल आठ नंबरवर झाला, मारला अकरानं." आठ नंबर बारका, बिचारा कोपऱ्यात कोपर चोळत उभा होता. अकरा नंबर त्यांचा सगळ्यात चांगला शूटर. पोरांनी मुद्दाम केलं का अनवधानानं हे कधी कळलं नाही आणि त्यानं फरक पण पडत नाही, बॉल मी दिला होता.

चुकीच्या माणसानं मारलं तर नियम असा: पहिल्या शॉटचा बॉल त्याच्या हातातून सुटायच्या आत लक्षात आलं तर फक्त माणूस बदलायचा, शिक्षा काही नाही. बॉल सुटून गेल्यावर कळलं तर ते शॉट रद्द, आत गेले असले तरी, आणि बॉल समोरच्या टीमला, फ्री थ्रो लाईनच्या रेषेत साइडलाईनवरून. पण ही दुरुस्ती किती वेळ करता येते यालाही हद्द आहे. चूक झाल्यावर गेम क्लॉक चालू झालं, मग पहिल्यांदा बॉल डेड झाला (खेळ थांबला), आणि त्यानंतर बॉल परत लाइव्ह झाला (खेळात आला) की संपलं, जे झालं ते झालं. म्हणजे दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आणून दाखवणाऱ्या पालकांना नमस्कार करायचा.

तेव्हापासून मी शिट्टी मारल्यावर दोन नंबर म्हणतो, अगदी ओठ हलवून. "चार केला, आठला झाला." फाउल करणाऱ्याचा टेबलला जातो, ज्याला लागला त्याचा माझ्याकडं राहतो. पार्टनरशी पण ठरवून घ्या, एक जण टेबलकडं गेला की दुसऱ्यानं शूटरवरची नजर काढायची नाही, शक्य असेल तर त्याच्याजवळ जाऊन उभं राहायचं.

गंमत म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत हे चालायचं, टीमचा एकच ठरलेला माणूस सगळे फ्री थ्रो मारायचा. आता फक्त टेक्निकलला ती सूट उरलीय.

ज्याला लागलं तो जखमी झाला, नाहीतर त्याचा स्वतःचा पाचवा फाउल झाला, नाहीतर त्याला बाहेर काढला, तर त्याच्या जागी जो सबस्टिट्यूट येईल तो मारणार. बेंच रिकामं असेल तर कोच सांगेल तो. पण नुसतं कोचला वाटलं म्हणून शूटर बदलता येत नाही, याला नंतर बसवा म्हणायचं, आधी मारू दे.

बॉल द्यायच्या आधी

घाई करू नका. खरंच सांगतो, फ्री थ्रोचे निम्मे घोळ बॉल लवकर दिल्यामुळं होतात. टेबलकडं बघा, कुणी टाइमआउट मागितलाय का, बदली खेळाडू खुर्चीवर येऊन बसलाय का. पहिल्या शॉटसाठी बॉल शूटरच्या ताब्यात गेला की ती खिडकी बंद, मग शेवटचा शॉट आत गेला तरच परत उघडते. कोच दोन शॉटच्या मधे ओरडायला लागतो, सर सब, सर सब, तेव्हा तुम्ही नुसतं शेवटच्या शॉटनंतर असं हातानं दाखवायचं आणि पुढं चालायचं.

मग माणसं लावा. रिंगजवळच्या पहिल्या दोन्ही जागा डिफेन्सच्या, शूटरच्या विरुद्ध टीमच्या. दुसऱ्या दोन्ही शूटरच्या टीमच्या. तिसऱ्या जागेवर कुठल्यातरी एका बाजूला डिफेन्सचा एक. म्हणजे डिफेन्सचे जास्तीत जास्त तीन, शूटरच्या टीमचे दोन, आणि शूटर. बाकीचे चार फ्री थ्रो लाईनच्या मागं आणि थ्री पॉइंटच्या पण बाहेर. शाळेच्या मॅचला एखादं पोरगं उत्साहात चुकीच्या जागेवर येऊन उभं राहतं, त्याला आधीच हलवा, बॉल देऊन मग व्हायोलेशन (नियमभंग) पकडण्यात काय मर्दुमकी नाही.

सगळं जागेवर आलं की लीड रेफ्री रिंगखालून किती शॉट ते बोटांनी दाखवतो, तोंडानं पण म्हणतो, आणि बॉल टप्पा देऊन शूटरकडं पाठवतो. टप्पा बरं का, फेकायचा नाही, लोळवायचा नाही. माती ओली असेल तर तो टप्पा कुठं जाईल सांगता येत नाही, तेव्हा दोन पावलं पुढं जाऊन द्या.

बॉल दिल्यावर: बॉलकडं बघू नका

हे सगळ्यात अवघड. जन्मापासून आपण बॉलकडं बघायला शिकलोय. पण फ्री थ्रोमध्ये बॉल एकटाच असा आहे जो काही चूक करत नाही.

दोन रेफ्री असतील तर ट्रेल, म्हणजे मागचा रेफ्री, बाजूला उभा राहून हातानं ५ सेकंद मोजतो, दिसेल असं, आणि शूटरचे पाय बघतो, बॉलची उडी पण त्याच्याकडं. लीड बॉल देऊन बाजूला होतो आणि आपल्या समोरच्या रांगेतल्या खेळाडूंचे पाय बघतो, ट्रेल त्याच्या समोरची रांग. रांगेतल्या खेळाडूंनी शूटरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत जागा सोडायची नाही, आत पाय टाकायचा नाही, न्यूट्रल झोनमध्ये पण नाही. बॉल सुटला की मोकळे. शूटरला मात्र वेगळा नियम, त्यानं बॉल रिंगला लागेपर्यंत किंवा आत जाईपर्यंत लाईनला पाय लावायचा नाही, आत जायचं नाही. आणि मागं उभे असलेले चार जण फ्री थ्रो संपेपर्यंत मागंच, त्यांना बॉल सुटला म्हणून धावता येत नाही. तीन प्रकारची माणसं, तीन वेगळ्या वेळा. नवीन रेफ्री सगळ्यांना एकच वेळ लावतो आणि तिथं फसतो.

माझं निरीक्षण असं आहे की आपल्या भागात जे आधी कबड्डीचे पंच होते ते हे लवकर शिकतात. बोनस लाईनवर मागचा पाय हवेत होता का टेकलेला होता हे बघून बघून त्यांची नजर आपोआप खाली जाते. क्रिकेटवाले नो बॉलला बघतात तसं, पण ते परत लगेच वर बॅट्समनकडं बघायला लागतात.

बॉल आत गेला का नाही हे लीडला आवाजावरून कळतं. रिंगचा टणत्कार वेगळा, जाळीचा आवाज वेगळा. पण आपल्याकडच्या निम्म्या ग्राउंडवर जाळीच नसते, तेव्हा आत गेलेला स्वच्छ शॉट आणि रिंगला न लागता खाली पडलेला एअरबॉल, दोन्हीचा आवाज सारखाच, म्हणजे शून्य. अशा वेळी ट्रेलनं वर बघायलाच पाहिजे, आणि हे मॅचच्या आधी ठरवून घ्या. कारण एअरबॉल हे शूटरचं व्हायोलेशन आहे. फ्री थ्रोचा बॉल एकतर वरून आत गेला पाहिजे नाहीतर रिंगला लागला पाहिजे.

चूक झाली, आता काय

आता मुख्य गोष्ट. पाठांतर करू नका, दोनच प्रश्न क्रमानं विचारा. पहिला: चूक शूटरची आहे का? दुसरा: बॉल आत गेला का?

शूटरची चूक असेल, म्हणजे लाईनला पाय, ५ सेकंद संपले, एअरबॉल, किंवा मारल्यासारखं करून थांबला, तर बॉल आत जाऊ दे नाहीतर बाहेर, पॉइंट नाही. शेवटचा शॉट असेल तर समोरच्या टीमला बॉल, फ्री थ्रो लाईनच्या रेषेत साइडनं. पुढं अजून शॉट किंवा पझेशन शिल्लक असेल तर ते सुरू ठेवायचं. आणि शूटरची चूक असताना त्याच वेळी बाकी कुणी काही केलं असेल ते बघायचंच नाही. हे हुल देण्याच्या बाबतीत फार उपयोगी पडतं: शूटरनं मारल्यासारखं केलं, डिफेंडर फसला, आत शिरला, आणि शूटरची टीम ओरडायला लागली सर लवकर आला, लवकर आला. नाही. हुल देणं हीच पहिली चूक, डिफेंडरचा पाय विसरा.

चूक शूटरची नसेल, दुसऱ्या कुणाची तरी असेल, तर शिट्टी तोंडात धरून थांबा. बॉल आत गेला तर पॉइंट, आणि चूक जणू झालीच नाही, शेवटचा शॉट असेल तर एंडलाईनवरून नेहमीसारखा थ्रो-इन. इथंच नवीन पोरं शिट्टी मारून बसतात, डिफेंडर आत आला दिसला की फुर्रर्र, आणि तोपर्यंत बॉल जाळीत. मग काय करायचं ते कळत नाही. गिळा ती शिट्टी.

बॉल आत नाही गेला तर मग कुणाची चूक ते बघा. डिफेन्सची, तर शूटरला बदली शॉट, परत एक संधी. शूटरच्या टीममधल्या कुणाची आणि शेवटचा शॉट होता, तर समोरच्या टीमला साइडनं बॉल, मग रिबाउंड कुणीही घेतलेला असू दे. दोन्ही टीमची चूक, शेवटचा शॉट, तर जंप बॉल सिच्युएशन, म्हणजे टेबलवरचा ॲरो ज्या बाजूला आहे त्यांना बॉल. पहिल्या शॉटला शूटरचा टीममेट लवकर शिरला आणि शॉट हुकला, तर काहीच करायचं नाही, दुसरा शॉट द्या. फक्त त्याला डोळ्यानं सांगा.

शूटरचं लक्ष विचलित करणं पण यातच येतं. रांगेतल्या डिफेंडरनं नेमकं मारायच्या क्षणाला टाळी वाजवली, हात हलवले, ओरडला, तर तो डिफेन्सचा व्हायोलेशन, शॉट हुकला तर बदली शॉट. पण हा नियम विरोधी टीमच्या माणसांसाठी आहे. बाहेर उभी असलेली शाळेची पोरं पिपाण्या वाजवतायत, डबे बडवतायत, त्याचं व्हायोलेशन देता येत नाही, कितीही वाटलं तरी.

चुन्याच्या बुटाचा किस्सा सांगायचा राहिला. मातीचं ग्राउंड, फ्री थ्रो लाईन त्याच दिवशी सकाळी मारलेली, जाडजूड पांढरी. शूटरनं मारताना उडी घेतली, उतरताना बुटाचं टोक लाईनवर, बॉल अजून हवेत. मी शिट्टी मारली, पॉइंट कॅन्सल. कोच म्हणाला, लागलाच नाही पाय. मी तरुण होतो, मला जोर आला, म्हटलं बूट दाखव. पोरानं पाय वर केला, टोक पांढरं फटक. मी विजयी मुद्रेनं कोचकडं बघितलं. मॅच संपल्यावर माझ्या बरोबरचे सीनियर सर चहाला घेऊन गेले, भडंगची पुडी पुढं सरकवली आणि म्हणाले, "आरं, त्या पोराचं दुसरं बूट बघितलंस का? ते पण पांढरं होतं. माझं पण पांढरं आहे. तुझं बघ." खाली बघितलं, माझे दोन्ही बूट चुन्यानं भरलेले. "तू पाय पडताना बघितलास ना? मग झालं. बूट कशाला तपासत बसतोस, उद्या एखाद्याचं बूट स्वच्छ निघालं तर निर्णय फिरवशील?"

काही वाकड्या केसेस

शेवटचा शॉट हुकला, रिंगला लागला, उडाला, आणि खेळाडूनं टॅप करून घातला, मग तो अटॅकचा असो नाहीतर चुकून डिफेन्सचा, तर तो फ्री थ्रो राहत नाही, नेहमीची बास्केट, २ पॉइंट. स्कोअररला ओरडून सांगा, ती पोरं १ लिहितात.

बॉल रिंगला लागायच्या आधीच हवेत डिफेंडरनं उडी मारून हात लावला, तर १ पॉइंट द्यायचा आणि वर त्या खेळाडूला टेक्निकल. शाळेच्या लेव्हलला हे क्वचित दिसतं, पण कॉलेजच्या मॅचला एखादा सहा फूट चार इंची असतो आणि त्याला मस्ती येते.

हुकलेल्या शेवटच्या शॉटनंतर गेम क्लॉक कधी सुरू? बॉल कोर्टातल्या खेळाडूला लागला की. रिंगला लागला की नाही. शेवटच्या दहा सेकंदात टेबलवरचं बोट बटणावर थरथरत असतं, त्यामुळं हे आधीच सांगून ठेवा. शॉट मारायच्या मुदतीचं २४ सेकंदाचं घड्याळ असेल तर अटॅकनं रिबाउंड घेतला तर १४, डिफेन्सनं घेतला तर २४.

आणि थ्री बाय थ्रीच्या (तीन विरुद्ध तीन खेळाडूंच्या) स्पर्धेला गेलात तर वरचं बरंचसं गणित बदलतं. तिथं आर्कच्या (अर्धगोल लाईनच्या) आत शूटिंग फाउलला १ शॉट, बाहेर २. टीम फाउल ७, ८, ९ ला २ शॉट, दहाव्यापासून २ शॉट आणि वर बॉल. त्याचं वेगळं लिहीन कधीतरी, दोन्ही एकत्र केलं की डोक्याचा भुगा होतो.

सराव कसा करायचा

मॅचला शिकू नका. संध्याकाळी ग्राउंडवर पोरं प्रॅक्टिस करत असतात, त्यांच्या कोचला विचारा, अर्धा तास फ्री थ्रोला उभं राहू द्या म्हणावं, कुणी नाही म्हणत नाही, त्यांना पण फुकटचा रेफ्री मिळतो. शूटर धरून सहा जणांना नीट जागेवर लावा, त्यातल्या एकाला गुपचूप सांगा की अधूनमधून मुद्दाम लवकर शिर, कुठल्या शॉटला ते मला सांगू नको. पन्नास शॉट घ्या. प्रत्येक शॉटनंतर मोठ्यानं बोला: कुणाचा पाय, बॉल सुटायच्या आधी का नंतर, काय निर्णय. सीनियर सरांनी मला असंच लावलं होतं, विश्रामबागच्या एका ग्राउंडवर, आठ दिवस, मला लीड करून. पहिल्या दिवशी मला प्रत्येक शॉट आत गेला का बाहेर ते पक्कं माहीत होतं आणि पाय एकाचाही सांगता आला नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी सरांनी मधेच विचारलं, "हा आत गेला का रं?" मी म्हटलं, "सर, माहीत नाही, पण डावीकडच्या दुसऱ्यानं उजवा पाय आधी टाकला." सर काही बोलले नाहीत, पुढचा बॉल टप्पा देऊन शूटरकडं पाठव म्हणाले.